कलम विचारणारे साहेब

न्यायमूर्ती भालचंद्रराव केळापुरे यांची आणि माझी पहिली भेट न्यायालयातच झाली. मी नवी वकील, साहेब न्यायासनावर. एका वस्तीचा रस्ता अडवल्याची याचिका होती आणि मी रात्रभर पाठ केलेले भाषण सुरू केले होते. माणूस हक्क घेऊनच जन्मतो, राज्यघटना ते हक्क देत नाही, केवळ मान्य करते, वगैरे. साहेबांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘‘वकीलसाहिबा, जन्म तक की बात समझ में आ गई. अब अनुच्छेद बताइए.’’ मी नुसतीच कागद चाळत राहिले. निकाल माझ्या बाजूने लागला, पण माझा एकही मुद्दा त्यात नव्हता. इतक्या अपमानास्पद रीतीने मी पुन्हा कधी जिंकले नाही.

तेव्हापासूनचा आमचा वाद आज साहेबांच्या पंचाहत्तरीपर्यंत आला आहे. न्यायाधीशाने घटनेचा अर्थ लावताना नैसर्गिक हक्कांकडे पाहावे, असे मी म्हणते. साहेब म्हणतात, ‘‘अपर्णाजी, पाहायला माझी ना नाही. पण प्रत्येक न्यायाधीशाला आकाशात वेगळंच काहीतरी दिसतं. मला दुपारची झोप हा नैसर्गिक हक्क वाटतो. द्यायचा का निकालात?’’

शब्दांवरची ही निष्ठा ते घरीही पाळतात. डॉक्टरांनी जिलेबी बंद केली, तेव्हा साहेब बडा गणपतीच्या देवळाजवळून जिलेबीचीच बहीण, इमरती, घेऊन आले. इमरतीचा उल्लेख कुठे आहे, हा त्यांचा सवाल. त्यांच्या पत्नी सुमतीवहिनी म्हणाल्या, ‘‘अहो, डॉक्टरांचा हेतू बघा जरा!’’ आणि पुडा शेजारी देऊन टाकला. त्या घरात अंतिम निकाल वहिनींचाच असतो आणि त्यावर अपील नाही.

निवृत्तीनंतर साहेब आमच्या या हिंदीभाषक शहरातल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष झाले. मंडळालाही घटना आहे आणि तिचा अर्थ लावण्याचा अधिकार अध्यक्षांचा. यंदाच्या उन्हाळ्याच्या तोंडी मालतीकाकूंचा प्रश्न आला. त्यांचे यजमान मंडळाचे जुने सभासद. ते गेले, तरी काकू रोज संध्याकाळी भजनाला येत राहिल्या. मूलबाळ नाही, दुसरे जाण्याचे ठिकाणही नाही. एके दिवशी त्यांनी आमच्या सचिवांना सांगितले, ‘‘भिया, जरा धीरे गाओ, सूर बाहर जा रहा है.’’ दुसऱ्याच दिवशी सचिवांना घटना आठवली. सभासदाच्या निधनाने कुटुंबाचा प्रवेश संपतो आणि नवा सभासद नोकरी-धंदा करणारा हवा. काकू दोन्हीकडून बाहेर.

मी काकूंची बाजू मांडली. ‘‘चार माणसांत बसायचा हक्क कुठल्या कलमानं दिलेला नाही. मग कलमानं तो काढून कसा घेता येईल?’’ कार्यकारिणी हेलावली. साहेब म्हणाले, ‘‘मुद्दा सुंदर आहे. कलम?’’ निकाल काकूंच्या विरुद्ध गेला. काकूंनी पिशवीत टाळ घातले, ‘‘बरं आहे साहेब, चलते मैं,’’ म्हणाल्या आणि निघून गेल्या. मी इतकी चिडले होते की साहेबांना नमस्कारही केला नाही. वहिनींनी तर आठवडाभर पोह्यांवर सेव घातली नाही. विचारले, तर म्हणाल्या, ‘‘पोह्यांवर सेव घालावी असं लिहिलंय कुठे?’’

पण निकालाच्या दुसऱ्याच सकाळपासून साहेब घरोघर फिरू लागले. वार्षिक सभेत घटनादुरुस्ती मांडायची होती आणि त्यासाठी तीन-चतुर्थांश हात लागत. सभा आषाढात. भर वैशाखात, दुखऱ्या गुडघ्याने साहेब सभासदांचे जिने चढत होते. शहराबाहेर, हातोदला राहणाऱ्या एका सभासदाकडे मीच त्यांना गाडीतून घेऊन गेले. ते गृहस्थ गडबडून म्हणाले, ‘‘अरे साहब, फोन लगा देते, मैं ही आ जाता!’’ परतताना मी विचारले, ‘‘एवढं होतं, तर त्या दिवशीच हो का नाही म्हणालात?’’ साहेब म्हणाले, ‘‘अध्यक्ष म्हणून मला शब्द बदलता येत नाहीत. सभासद म्हणून येतात. आज मी चांगल्यासाठी शब्द वाकवले, तर उद्याचा अध्यक्ष सचिवांसाठी वाकवेल.’’ मी खिडकीची काच खाली केली.

सभेत दुरुस्ती मंजूर झाली. सचिवांचाही हात वर होता, कारण काकूंवाचून आरती उन्हाळाभर तीन वेगवेगळ्या पट्ट्यांत चालली होती. त्याच संध्याकाळी काकू आल्या आणि आपल्या जागी बसल्या. साहेब स्वतः त्यांच्यापाशी गेले आणि म्हणाले, ‘‘मालतीताई, आता कलम आहे.’’

काकू म्हणाल्या, ‘‘छान झालं साहेब. पण पूरी गर्मी मी घरात भिंतींशी बोलत काढली, उसका क्या? त्याचं कलम सांगा ना.’’

साहेबांना उत्तर देता आले नाही. इतक्या वर्षांत मी त्यांना प्रथमच निरुत्तर पाहिले. मला आनंद व्हायला हवा होता, पण वाईट वाटले.

पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी मी लिहिणार हे कळल्यावर त्यांचा फोन आला. ‘‘अपर्णाजी, कौतुक करायचं तेवढं करा. पण मालतीताईंचा प्रश्न जसाच्या तसा लिहा. आणि मला उत्तर आलं नाही, हेही लिहा.’’ असे सांगणारा माणूस ज्या न्यायासनावर बसून गेला, त्या न्यायासनासमोर उभे राहायला मिळाले, याचा मला मनापासून अभिमान आहे.

साहेब, आपणांस उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. गुडघा बरा राहो, वहिनींची कृपा राहो. मालतीकाकू रोज संध्याकाळी सभागृहात असतात. उत्तर सापडले, की मला नंतर सांगा. आधी त्यांना सांगा.