किल्लीदाराची गाणी

ज्या घरात माणसांपेक्षा कुलपं जास्त, त्या घरात सुख नांदणार कसं? पण हे किल्लीदारांना सांगणार कोण? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कोणी?

बेअरिंगच्या एका कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. उभ्या नोकरीत सहीशिवाय त्यांनी कुणाला साधा नट दिला नाही. एकदा तर खुद्द मॅनेजर हात हलवत परत गेले होते. तेव्हापासून कारखाना त्यांना किल्लीदार म्हणायला लागला, आणि मग बिल्डिंगीनेही ते नाव उचललं. बायकोला शेजारणी किल्लीदारीण म्हणायच्या आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसायच्या, कारण त्या बाईच्या हाताला जन्मात किल्ली लागली नव्हती. साखरेच्या कपाटाला कुलूप, टीव्हीच्या कपाटाला कुलूप, फोनच्या तबकडीलासुद्धा इवलंसं कुलूप! पाहुणे आले की ती नवऱ्याकडे बघायची, ते कमरेचा जुडगा काढायचे, आणि मग कुठे चहाचं आधण चढायचं.

माणूस वाईट होता म्हणावं, तर तसंही नाही. दारू नाही, शिवी नाही, बायकोवर हात तर कधीच उगारला नाही. मुलीला हवं ते शिकू दिलं. पण आपलं ते आपलं, आणि आपलं म्हणजे कुलपातलं, यापलीकडे त्यांची गाडी सरकत नसे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटर घेतला. तो आतल्या खोलीत ठेवला. इंटरनेट घेतलं नाही. म्हणे, त्या वायरीतून चोर आत येतात. कारखान्यातल्या जुन्या दोस्तांकडून गाण्यांच्या सीडी मागून आणायच्या, कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायच्या आणि सीडी परत करायच्या, असा उद्योग त्यांनी कित्येक वर्षं केला. पुढे दोस्त एकेक करून गेले, सीडीही कुठेकुठे गेल्या. यांची संध्याकाळ मात्र ठरलेली. दार लोटायचं, हेडफोन कानाला लावायचा आणि ऐकत बसायचं. बाहेर चिटपाखराला सूर ऐकू येईल तर शपथ.

एकदा बायको चहा घेऊन आत गेली. ते डोळे मिटून बसले होते. ओठ हलत होते, शब्द न् शब्द पाठ असल्यासारखे, पण आवाज नव्हता. चेहरा असा काही मऊ झाला होता, की इतक्या वर्षांच्या संसारात तिने तो पाहिलाच नव्हता. ती कप हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"काय ऐकताय एवढं?" तिने विचारलं.

त्यांनी दचकून एका कानावरचा हेडफोन काढला. "काही नाही," म्हणाले, आणि कॉम्प्युटरचा पडदा बंद केला.

मेलं कोणाला पडलंय, असं पुटपुटत ती बाहेर आली. पण लागलं होतं. ते लागणं तिने गिळून टाकलं आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

मग एका सकाळी दाढी करताना ते आरशासमोरच कोसळले. झटका आला होता. उजवं अंग गेलं, वाचा गेली. इस्पितळातून घरी आले तेव्हा तोंडात एकच शब्द उरला होता: नाही. चहा हवा? नाही, म्हणायचे, आणि घटाघट प्यायचे. डावा हात पुढे करून औषध मागायचे, तेही नाही, नाही म्हणत. "जन्मभर तेच तर म्हणत आले, तेवढंच बरं शाबूत राहिलं!" असं ती शेजारणीला म्हणाली आणि हसता हसता तिला रडू फुटलं.

वाचा शिकवायला एक बाई घरी येऊ लागली. मोठी गुणी बाई. तिने मायलेकींना समोर बसवून सांगितलं, "बोलणं मेंदूच्या एका बाजूला असतं आणि गाणं बरंचसं दुसऱ्या. ज्याला पाणी मागता येत नाही तो माणूस अख्खं गाणं शब्दांसकट म्हणतो, मी पाहिलंय. त्या गाण्याला धरून मग हळूहळू बोलणं परत आणता येतं. पण गाणं त्यांच्या रक्तात भिनलेलं हवं. आणि वेळ दवडू नका. पहिल्या काही महिन्यांत आलं तर आलं, नंतर फार कठीण. कोणती गाणी आवडतात त्यांना?"

बायको खाली मान घालून बसली. नवऱ्याला कोणतं गाणं आवडतं, हे तिला माहीत नव्हतं. लाज वाटली तिला, आणि रागही आला.

मुलीने फोनवर शंभर गाणी लावून पाहिली. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मग मुलीलाच आठवलं, "अगं आई, बाबांचा कॉम्प्युटर गाण्यांनी भरलाय ना!"

कॉम्प्युटर सुरू केला, तर पासवर्ड आडवा आला. मुलीने घरातल्या सगळ्यांच्या जन्मतारखा घालून पाहिल्या, कारखान्याचं नाव घातलं, लग्नाची तारीख घातली. छे! शेवटी तिने वायरी काढल्या आणि डबा दुकानात न्यायला उचलला. तेवढ्यात किल्लीदार पलंगावर अर्धे उठून बसले.

"नाही! नाही! नाही!" डावा हात त्यांनी टेबलावर असा आपटला, की औषधाची बाटली खाली पडून फुटली.

"हो बाबा, कळलं, कळलं," मुलगी म्हणाली.

"अगं ने तू. चहालासुद्धा नाहीच म्हणतात ते," बायको काचा गोळा करत म्हणाली, आणि दोघी हसल्या.

कॉम्प्युटरवाल्याने पासवर्डाची कटकटच मिटवली. गाणी बाजूला काढून ठेवली, जुनी सिस्टीम पुसून नवी घातली, गाणी होती तशी परत ठेवली आणि डबा घरी आणून जोडून दिला. चारशेच्या वर गाणी होती. नावं मात्र एकालाही नव्हती. इंटरनेट नसल्याने कॉम्प्युटरला ती कळलीच नव्हती. नुसतं ट्रॅक एक, ट्रॅक दोन, आणि गायकाच्या जागी 'अनोळखी कलाकार'. वाचा शिकवणारी बाई खुर्ची ओढून बसली. मुलीने पहिलं गाणं लावलं.

आवाज नाही. दुसरं लावलं. तेही तसंच.

कॉम्प्युटरवाल्याने स्पीकर तपासला. फोन जोडला तर ठणठणीत वाजला. गाणी वाजवायचे आणखी दोन प्रोग्राम घालून पाहिले. फाइल रिकामी आहे का पाहिलं, तर नाही, गाणं आत पुरतं होतं. शेवटी पडद्यावरची एक ओळ त्याने दोनदा वाचली आणि चष्मा काढून हातात धरला.

"काकू, ही गाणी कुलूपबंद आहेत. सीडीवरून उतरवताना पडद्यावर एक चौकोन असतो. त्यात खूण केली की गाणं फक्त त्याच कॉम्प्युटरवर वाजतं, दुसरीकडे कोणी नेऊ शकत नाही. त्याचा परवाना, म्हणजे किल्लीच म्हणा, जुन्या सिस्टीममध्ये होता. ती मी पुसली. आधी कोणी सांगितलं असतं, तर परवाना वाचवता आला असता. माझंच चुकलं, मी बघायला हवं होतं. पण खरं सांगतो, तो चौकोन लोकांना दिसतसुद्धा नाही हो."

"यांना दिसला असणार," ती म्हणाली. "कुलूप म्हटलं की यांना अंधारातसुद्धा दिसतं."

"आता काहीच होणार नाही?" मुलीने विचारलं. त्याने नाही अशी मान हलवली. नावं असती, तर तीच गाणी दुसरीकडून आणता आली असती, पण तीही नव्हती.

सगळे गेल्यावर बायको पलंगाच्या कडेला बसली. टेबलावर आपटलेला तो हात तिला आठवला, फुटलेली बाटली आठवली. चहाला नाही, औषधाला नाही, दिवसभर ते नाही नुसतंच तोंडातून सांडत होतं. एकदाच ते खरं होतं, आणि तेव्हा आपण हसलो. मग संताप आला, इतक्या वर्षांचा साठलेला.

"कशाला लावलीत ही कुलपं? कोण चोरणार होतं तुमची गाणी? मी?" तिचा आवाज चिरकला. "एक, एक तरी ऐकवलं असतंत, तर आज तुमच्याजवळ बसून म्हटलं असतं मी. बेसूर का होईना, म्हटलं असतं! आता ना ती माझी, ना तुमची."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. डावा हात चाचपडत कमरेकडे गेला. नाडीला बांधलेला जुडगा त्यांनी कसाबसा सोडवला आणि तिच्या मांडीवर ठेवला. मग हनुवटीने कॉम्प्युटरकडे दाखवलं.

एवढी वर्षं हव्याहव्याशा वाटलेल्या त्या किल्ल्या अंगाच्या उबेने कोमट झाल्या होत्या. ते बघत होते, म्हणून तिने एक किल्ली सोडवून त्यांच्यासमोर धरली. साखरेच्या कपाटाची.

"नाही," ते म्हणाले.

तिने टीव्हीची धरली.

"नाही."

फोनच्या कुलपाची. तो तबकडीचा फोन तर कधीच भंगारात गेला होता. ट्रंकेची. कारखान्यातली, परत द्यायची राहिलेली. ती एकेक किल्ली धरत गेली, आणि तिच्याकडे बघत ते प्रत्येक किल्लीला नाही म्हणत गेले.