साठावरचा काटा

मीटरकाकांना गाडी चालवता येत नाही हे कळलं की नवीन गिऱ्हाईक हमखास हसायचं. हसू द्या. वेगाचा, पेट्रोलचा, इंजिनाच्या तापमानाचा, गावातल्या झाडून सगळ्या गाड्यांचा चुकार काटा ज्याने वठणीवर आणला, त्या माणसाला स्टिअरिंग धरता येत नाही, हे हसण्यासारखं आहेच. पण कारण कुणी विचारत नसे. काका गाडीत बसले की त्यांची नजर काट्यांवरून हलायचीच नाही. मग रस्ता कोण बघणार? तरुणपणी एकदा, काटा कसा छान चढतोय ते बघता बघता, त्यांनी गाडी थेट चरात घातली आणि कानाला खडा लावला.

आता पंचाईत अशी की काटा टेबलावर कितीही नीट बसवा, त्याचा खरेखोटेपणा कळतो रस्त्यावरच. काकांचं लग्न होऊन थोडे दिवस झाले होते. एक गिऱ्हाईक काकांनी नीट करून दिलेला मीटर पुन्हा घेऊन आलं आणि दुकानाच्या दारात उभं राहून वाट्टेल ते बोललं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, त्यामुळे काकूंनी आतून शब्द न् शब्द ऐकला. त्यांचे वडील टॅक्सी चालवायचे, त्यांनीच लेकीला गाडी शिकवलेली. गिऱ्हाईक गेल्यावर काकू बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "किल्ली द्या. मी चालवते, तुम्ही तुमचा काटा बघा."

तेव्हापासून ते ठरूनच गेलं. गावाबाहेर पाइपच्या कारखान्यामागे एक सरळसोट रस्ता होता, कडेला किलोमीटरचे दगड. काटा साठावर धरला तर एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत बरोबर एक मिनिट लागलं पाहिजे. जास्त लागलं तर काटा फुशारक्या मारतोय, कमी लागलं तर लपवतोय. काकू रस्ता बघायच्या. काका एका हातात घड्याळ धरून काट्याला डोळा लावायचे आणि तीनच शब्द बोलायचे: वर, खाली, धर. काकूंनी धरला की काटा चिकटवल्यासारखा राहायचा. असा पाय काकांनी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही, आणि हे ते कुणालाही, न विचारता सांगायचे.

परत येताना मात्र गप्पा. लेकीचं नाव त्याच रस्त्यावर ठरलं. पुढे ती परगावी शिकायला जायचं म्हणाली तेव्हा दोघं त्याच रस्त्यावर भांडली, इतकी की काकूंनी गाडी कडेला लावली आणि भांडण संपवूनच पुढे काढली. घरात इतकं बोलायला सवड कुणाला होती? काकांना ते दिवस आठवले की हातातला चिमटा हातातच राहायचा.

कारण गेल्या वर्षी काकूंनी गाडी सोडली. बाजारात मागे घेताना त्यांची गाडी एका फाटकाच्या खांबाला घासली. झालं काही नाही, पण खांबापलीकडे एक लहान पोर खेळत होतं. काकू घरी आल्या, किल्ली ठेवली आणि पुन्हा तिला हात लावला नाही. लेकीने लगोलग टेबलावरच मीटर तपासायचं यंत्र पाठवून दिलं. काम अडेना, पण काकू घरात घुम्यासारख्या बसायला लागल्या. बाजारहाट पायी, तोही जवळचाच. काका एकदा भीत भीत म्हणाले, "अगं, नुसती एक चक्कर मारून येऊ." "तो विषय नको," काकू म्हणाल्या, आणि उठून आत गेल्या. काकांना सगळ्यांत जास्त काय सलत असेल तर हे. चाळीस वर्षं पार केलेला संसार, आणि घरात बोलायला माणूस असून नसल्यासारखं.

मग एका निवृत्त मास्तरांची जुनी गाडी आली. तिचा वेगाचा काटा केबलवर फिरणारा, नव्या यंत्राला तो जोडताच येईना. काकांनी मीटर खोलला, वंगण घातलं, काटा बसवला. आणि रस्त्याचं काय, म्हणून डोकं धरून बसले. शेवटी काय अवदसा आठवली कोण जाणे, स्वतःच चालकाच्या जागेवर जाऊन बसले. नाटक म्हणाल तर ते नाटक नव्हतं. नाटक करायला अंगात काहीतरी लागतं. गाडी सुरू झाली, काकांची नजर सवयीने काट्यावर गेली, आणि गाडीने दोन हिसके देऊन अंगणातल्या कुंड्यांचा चुराडा केला.

काकू दारात उभ्या होत्या. मग खाली आल्या, गाडीचं दार उघडलं. "उठा."

काका उठले आणि पलीकडे जाऊन बसले. काकूंनी गाडी सुरू केली. गल्लीच्या तोंडाशी त्या इतका वेळ थांबल्या की मागचा रिक्षावाला बोंबलायला लागला. काकांनी खिशातून घड्याळ काढून हातात धरलं. 'परत फिरू' असं ती आत्ता म्हणाली, तर पुन्हा कधीच बसणार नाही, हे त्यांना कळत होतं. गाडी वळली. कारखाना मागे पडला. सरळ रस्ता आला.

"वर," काका म्हणाले. "वर. अजून. धर."

काकूंनी धरला. पहिला दगड गेला. काटा साठावर गप्प बसला होता. दुसरा दगड आला आणि काकांनी घड्याळ दाबलं. बरोबर एक मिनिट.

काकूंनी गाडी कडेला घेतली. "किती?"

खोटं बोलावंसं काकांना फार वाटलं. काटा चुकलाय म्हटलं असतं तर उद्या पुन्हा यावं लागलं असतं. पण काट्याच्या बाबतीत त्यांना खोटं बोलताच येत नसे. "बरोबर आहे," ते म्हणाले. "झालं काम. चल घरी."

काकूंनी गाडी वळवली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून त्या समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिल्या.

"पुढच्या दगडापर्यंत जाऊ," त्या म्हणाल्या.

"अगं, पण काटा बरोबर आहे."

"काट्याला काय धाड भरलीय," काकू म्हणाल्या. "मला चालवायचीय."