पहिलीतलं पॅनल

माझी मुलगी तेव्हा पाच महिन्यांची, आणि यांनी छतावर पॅनलची खोली उभी करायचं ठरवलं. दोन पत्रे, मधे फोम, चार दिवसांत खोली तयार, उन्हाळ्यात गारच गार. पण मी मोबाइलवर असल्याच पॅनलची एक बिल्डिंग जळताना बघितलेली, तर जीव घाबराघुबरा, म्हटलं मी लेकराला घेऊन त्यात झोपायची नाही.

हे म्हणाले, "टेस्ट झालेला माल आहे. चल, तूच विचारून घे."

नानाखेड्याला दुकानात गेलो. दुकानदारानी कागद काढला, "बहनजी, आग की टेस्ट में पास है. क्लास वन."

मी म्हटलं, "पहली? भैया, आठवीं तक तो मैं पढ़ी हूँ. हमको कम से कम दसवीं वाला दिखाओ."

हे बाहेर जाऊन गाडी पुसायला लागले. मग दुकानदारानीच समजावलं की यात उलटं असतं, नंबर जितका मोठा तितकी आग लवकर पसरते, चौथी म्हणजे सगळ्यात बेकार. आता असं कुठे असतं का, पण मी मान हलवली.

भरवसा काही बसला नाही. खोली उभी झाली, खिडकीसाठी कापलेल्यातला एक तुकडा उरला, तो मी उचलला, लेकराला शेजारच्या काकूंकडे दिलं, खिडक्या उघडल्या आणि चिमट्यात धरून तुकडा गॅसवर. आधी पत्र्यावरचा रंग फुगला, मग फोम काळा, मग ज्वाळा, आणि असला वास की विचारू नका.

सासूबाई आतून म्हणाल्या, "पोळी जळतेय गं."

"पोळी नाही आई, खोली आहे."

त्या नाकाला पदर लावून धावत आल्या. मी गॅस बंद केला आणि मोजत राहिले, एक, दोन, तीन, चारला ज्वाळा आपली आपण बुझली, पुढे पसरली नाही.

सासूबाई म्हणाल्या, "दुसरी बाजू शेकायची की झालं?"

झालं. त्याच दुपारी आमचं बिस्तर वर गेलं. फक्त मी यांना सांगून टाकलं, वर माचिस नाही, अगरबत्ती नाही, मच्छरची कॉइल नाही, आणि तुमची सिगरेट तर बिलकुल नाही. सासूबाई तिथेच उशी घेऊन उभ्या होत्या, आणि त्यांना सिगरेटचं माहीतच नव्हतं.

मी मुलीला घेऊन पटकन वर गेले. ती लगेच झोपली. खालचं सगळं जिन्यातून ऐकू येत होतं, म्हणून मी दार लावून घेतलं.