वडे गरम होईपर्यंत काउंट

प्रल्हाद केंकरे मूळचा मडगावचा, राहणार अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरला, नोकरी इन्शुरन्स कंपनीच्या डेटाबेसमध्ये. २००३ साली लायब्ररीच्या जुन्या पुस्तकांच्या सेलमध्ये त्यानं एकोणिसाव्या शतकातल्या एका पोर्तुगीज मुत्सद्द्याचं सहाशे पानी चरित्र उचललं. गोव्याबद्दल काहीतरी सापडेल, एवढीच आशा. गोवा सापडला तो एका तळटीपेत. पण तोवर प्रल्हाद त्या काउंटच्या इतका प्रेमात पडला होता, की फोन आला की बायको, पद्मिनी, सांगायची, "दोघंही लिस्बनला गेलेत."

आता त्याला एकच ध्यास लागला. मराठी मंडळाच्या दिवाळीत काउंटची अख्खी कारकीर्द सांगायची, थेट परराष्ट्रमंत्री होईपर्यंत.

मंडळाची सेक्रेटरी सुवर्णा कुणाला नाही म्हणत नाही. "प्रल्हादकाका, वडे गरम होईपर्यंत दोन शब्द बोला ना."

भाड्यानं घेतलेल्या शाळेतल्या ओव्हनला बारा मिनिटं लागत. पहिल्या दिवाळीत काउंट जन्मला आणि कॉलेजात गेला. दुसऱ्या दिवाळीत वकिलातीत चिकटून रिओला निघाला, बोट किनाऱ्याला लागायच्या आत सुवर्णा दारातून ओरडली, "वडे आले!" तिसऱ्या वर्षी तो लंडनला पोचला आणि तिथंच अडकला, कारण शाळेनं नवा ओव्हन घेतला. पाच मिनिटांत वडे गरम! त्यातली तीन मिनिटं मागच्या वर्षीच्या सारांशात जायची. दोन दिवाळ्या काउंटनं तहावर सही करायला लेखणी उचलली आणि ती शाईत बुडायच्या आत हॉल रिकामा झाला.

पार्किंगमध्ये मंडळातला तरुण प्रसन्न चिडवायचा, "काय काका, अजून लंडनलाच? ग्रीन कार्डच्या लाइनमध्ये आहे का तो, यार?"

"हस लेका. मंत्री झाला की बोलू."

२००८ साली कंपनीनं प्रल्हादची बदली पार कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोला केली. म्हणजे ही शेवटचीच दिवाळी. सारांश गाळून तो थेट मुद्द्यावर आला. "समोर इंग्रजांचा मंत्री बसलाय. काउंट लेखणी उचलतो..."

"वडे आले!"

खुर्च्या सरकल्या. प्रल्हादनं चष्मा काढला, कागदांची घडी घातली.

तेवढ्यात सुवर्णाची पंधरा वर्षांची मुलगी अनन्या, आजवर प्रत्येक दिवाळीत मान खाली घालून बसलेली, मागून ओरडली, "वेट! डिड ही साइन इट ऑर नॉट?"

प्रसन्नही प्लेट मांडीवर ठेवून खाली बसला. "खरंच यार, तीन वर्षं लटकलाय बिचारा. सांगा काका."

सुवर्णानं ट्रे परत ओव्हनमध्ये ढकलले.

प्रल्हाद अर्धा तास बोलला. काउंटनं सही केली, लिस्बनला परतला, मंत्री झाला. टाळ्या! पण चार महिन्यांत सरकार पडलं आणि त्याला राजदूत म्हणून पुन्हा लंडनला धाडलं.

"परत लंडन?" हॉल कळवळला.

"बदली," प्रल्हाद म्हणाला. "कुणाला चुकलीय?"

वडे एव्हाना दगड झाले होते. कुणी तक्रार केली नाही. पहिला वडा प्रल्हादच्या हातात देण्यात आला. तो वड्याकडे प्रेमानं बघत म्हणाला, "बटाटा हा शब्दसुद्धा पोर्तुगीजच, बरं का..."

सुवर्णानं घाईघाईनं त्याच्या तोंडात पेढा कोंबला.