पाण्याखालची सासुरवाडी

गंगापूर धरणाचं पाणी आमच्या नळाला येतं, इतकंच मला ठाऊक होतं. लग्न ठरल्यावर कळलं, की बायकोचं मूळ गाव त्याच पाण्याच्या तळाशी आहे. सासूबाईंनी माझे पाय धुतले ते भाड्याच्या खोलीच्या दारात. "आपला उंबरा असता तर..." एवढंच त्या म्हणाल्या. तेव्हापासून तांब्या तोंडाला लावताना मला ओशाळल्यासारखं व्हायचं.

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात धरण आटत गेलं. नळ एक दिवसाआड यायला लागले. आमची चाळ पावसासाठी नवस बोलत होती आणि मी, सांगायला लाज वाटते, पाणी आणखी उतरू दे म्हणून देवाला हात जोडत होतो. पावसाआधी सासूबाईंना एकदा त्यांचं घर दिसायला हवं होतं.

मे महिन्यात निरोप आला, गाव उघडं पडलं. आम्ही तिघं एसटीनं गेलो. भेगाळलेल्या गाळातून घरांची नुसती जोती वर आली होती आणि जुने गावकरी जत्रेसारखे जमले होते. एका जोत्यात दगडी उखळ दिसताच सासूबाई धावल्या. "हेच!" त्यांनी जागा झाडली, नारळ फोडला, तीन दगड मांडून पिठलं रटरटत ठेवलं.

तेवढ्यात काठी टेकत एक म्हातारी आली.

"कोन गं माझ्या घरात चूल पेटवून बसलीय?"

"तुझं कसलं? ह्ये उखळ बघ माझं!"

"उखळ काय तुझ्या एकटीकडंच व्हतं? तुझं घर खाली, वढ्याच्या अंगाला."

सासूबाईंनी जोत्यावरून नजर फिरवली आणि खो-खो हसत सुटल्या. "तरीच म्हनलं, माझं घर एवढं ऐसपैस कधी झालं!"

"बरं, पेटवलीच हायेस तर मलाबी वाढ."

जेवून आम्ही खाली गेलो. ते घर अजून गुडघाभर पाण्यात होतं. माझा चेहरा पडला. इतकं वाईट मागूनही थोडं कमीच पडलं होतं. सासूबाई मात्र लुगडं सावरून सरळ आत शिरल्या आणि पायानं तळ चाचपत राहिल्या.

"घावला! उंबरा घावला! जावईबापू, या."

मी चपला काढून त्यांच्याशेजारी जाऊन उभा राहिलो. पायाला गुळगुळीत दगड लागला. सासूबाईंनी खाली पाण्याकडे बघितलं.

"आपल्या उंबऱ्यावर पाय धुवायचे राहिले व्हते तुमचे. घ्या, धरणानंच धुतले!"

काठावर बायको हसता हसता डोळे पुसत होती. मी उंबरा ओलांडून आत गेलो.