पुढे सरकवलेला बांध

माझ्या सासऱ्यांना सगळ्यातलं कळत असे. फक्त पाणी कळत नसे, आणि जन्म गेला होता नवघरच्या खाडीकाठी.

खाजणातल्या, म्हणजे भरतीच्या खाऱ्या जमिनीतल्या, शेताला मातीचा बांध, बांधाबाहेर तिवरांची झाडी, मग खाडीचा फाटा, अशी जुनी मांडणी होती. होळी झाली की घरटी एक माणूस येऊन सगळ्यांचे बांध लिंपायचा. तिवरांना मात्र कोणी कोयता लावत नसे. सासरे हसायचे. "तिवर काय भात देतो?" एका वर्षी त्यांनी आमच्या पुढ्यातले तिवर तोडले आणि बांध पंधरा हात खाडीत सरकवला. गावातल्या दीडशहाण्यांनी नंदीबैलासारख्या माना हलवल्या. वर शाबासकीही दिली.

फाटा तिथे अरुंद झाला. समोरच्या काठावर सासऱ्यांच्याच विधवा बहिणीचं, माझ्या आतेसासूचं शेत होतं. त्यांचं तेवढंच. माझं माहेर अलिबागकडचं, तिथेही खारजमीन. एका काठाने पाणी रेटलं की ते दुसरा काठ खातं, हे मला लहानपणापासून ठाऊक. मी बोलले का? नाही. सुनेने सासऱ्यांपुढे तोंड उघडू नये, ही सबब मला फार सोयीची होती.

दर उधाणाला आतेसासूंचा काठ खालून पोखरून ढासळे. दुसऱ्या पावसाळ्यात त्यांचा बांध खचला, खारं पाणी आत शिरलं. चौथ्या वर्षी फाटाच त्यांच्या शेतातून वाहायला लागला. आतेसासू आमच्या ओटीवर येऊन बसल्या. सासरे पानाला चुना लावत म्हणाले, "खारीचा पानी हाय, कवा इकरं, कवा तिकरं. मी काय करू?" असल्या निर्लज्ज माणसाच्या मी सणावारी पाया पडत होते.

त्या होळीनंतर बांध लिंपायला आतेसासूही आल्या. घरटी एक माणूस, आणि त्यांच्या घरात त्या एकट्याच. तुमचं शेत गेलं, आता येऊ नका, असं म्हणण्याइतकी लाज एकालाही नव्हती. सकाळपासून त्यांनी आमच्या बांधावर चिखलाच्या पाट्या टाकल्या. "रीत हाय," एवढंच म्हणाल्या.

दुपारी मी त्यांना त्याच पंधरा हातांतल्या तांदळाचा लाल भात वाढला. त्यांनी एक घास खाल्ला आणि ताट बाजूला सारलं. भात चांगला झाला होता. त्यांचं उरलेलं म्हशीला घालून मी स्वतःला दुसऱ्यांदा वाढून घेतलं.