आक्काच्या रक्ताचा निकाल

"मुकादम, यांना आधी धुवून आणा."

जीपमधून उतरलेल्या मोठ्या डॉक्टरांचं आमच्या वस्तीतलं हे पहिलं वाक्य. नाकाला रुमाल. समोर बायका. अंधारात घरातून निघून कोल्हापूरचे रस्ते झाडून आलेल्या, अंगावर धूळ, पोटात नुसतं पाणी. रक्त उपाशीपोटी द्यायचं होतं. आमची हजेरी पहाटे लागायची, पथक यायचं उन्हं चढल्यावर. मधल्या वेळात बायकांनी उपाशी झाडत राहायचं, हे त्यांना न विचारताच ठरलं होतं.

पंचगंगेवर म्हशी धुवायला नेतात, तसं ते बोलले. आणि मी हसलो. त्या बायकांचा मुकादम मी. माझीच माणसं. तरी हसलो.

रांगेत पुढं माझी थोरली बहीण होती. आक्का. ती म्हणाली, "धुतो की. वाळत बी घालू काय, डाक्टर?"

बायका हसल्या. मी आक्कावर डोळे वटारले. सगळ्या जणी नळावर गेल्या, हातपाय धुऊन पुन्हा रांगेत बसल्या. एक पोरगी चक्कर येऊन पडली. तिला सावलीत आडवं केलं आणि तसंच तिचं रक्त काढलं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. साखरेचा आणि रक्तदाबाचा आजार शहरातल्या गरिबांनाच का जास्त मारतो, याचा तो अभ्यास. लोकांच्या सहभागातून, असं ते म्हणायचे. अहवालात छापलंय की लोक स्वेच्छेने आले. खोटं आहे. मी आणले. हजेरीच्या वेळी मी बजावलं होतं, "जी रक्त देणार न्हाय, तिचा आजचा खाडा." डॉक्टरांच्या शेजारी मला खुर्ची मिळत होती. पाठ असलेली. तेवढ्यासाठी.

पुढं कुणी फिरकलं नाही. निकाल नाही, निरोप नाही.

काही महिन्यांनी झाडताना आक्काच्या पायाला काच लागली. जखम भरेना. दुखतही नव्हती, आणि तिला तेच चांगलं लक्षण वाटायचं. हळद भरायची, चिंधी बांधायची, कामावर यायची. मी म्हटलं, दवाखान्यात दाखव.

"कशापायी? रक्त बघितलंय की त्यांनी. काय असतं तर सांगितलं नसतं व्हय?"

मी म्हणालो, "ते बी खरंच."

हे माझं वाक्य कुठल्या अहवालात नाही. रक्त तपासलंच नसतं, तर आक्का दवाखान्यात गेली असती. तपासलं होतं म्हणून ती निर्धास्त राहिली. मीही राहिलो.

पाय काळा पडला तेव्हा सरकारी दवाखान्यात नेलं. साखर भलतीच वाढलेली. पाय गुडघ्याच्या वर कापला.

ती खाटेवर असतानाच मला बोलावणं आलं. अभ्यास पुरा झाला होता. सभागृहात कार्यक्रम, आणि वस्तीच्या वतीनं माझा सत्कार. मी गेलो. इस्त्रीचा सदरा घालून गेलो. मोठे डॉक्टर माईकवर सांगत होते, "हा समाज आरोग्याबाबत उदासीन आहे. आजार असूनही उपचाराला येत नाही."

मग माझं नाव पुकारलं. स्टेजवर मी त्यांना हळूच विचारलं, "साहेब, माझ्या बहिणीच्या रक्तात साखर निघाली होती का?"

"निघालीही असेल. बऱ्याच जणींची निघाली. पण तो अभ्यास होता, मुकादम. उपचार नव्हे. इकडं बघा, फोटो काढायचाय."

शाल माझ्या खांद्यावर होती. मी ती काढून टेबलावर ठेवली. नारळ घेतला नाही. माईकसमोर जाऊन म्हणालो, "आम्ही उदासीन न्हाय. आम्हाला कुणी सांगितलंच न्हाय."

माईक बंद झाला. मी एकटाच बाहेर पडलो आणि दवाखान्यापर्यंत चालत गेलो. आक्काला काही सांगितलं नाही. वर्षाच्या आत ती गेली.

भाचा माझ्याशी बोलत नाही. बायका माझ्या दारावरून जाताना बोलणं थांबवतात, दार मागं पडलं की पुन्हा सुरू करतात. मी आतून ऐकतो. एकट्यापुरता भात टाकतो. त्यांचं चुकतंय असं मी म्हणणार नाही.

काही वर्षांनी दुसरं पथक आलं. एक तरुण डॉक्टरीण माझ्या दारात आली. "काका, तुमची मदत लागेल."

"मदत एकदा केलीय मी. बायकांना विचारा."

तिनं विचारलं. समाजमंदिरात बायका बसल्या, मी बाहेरच्या कट्ट्यावर. मला आत कुणी बोलावलं नाही. हजेरीच्या आधी या, बायका म्हणाल्या. आमच्या पोरींना तपासायला शिकवा. डॉक्टरीण सगळ्याला हो म्हणाली. निकालाचं निघालं तेव्हा म्हणाली, "ते अहवाल झाल्यावर."

मी दारात जाऊन उभा राहिलो. "मग जीप वळवा, बाई."

बायकांनी माझ्याकडं पाहिलं नाही. पण त्याही उठल्या.

ती गेली. महिन्याभरानं परत आली, अहवालाआधी निकाल द्यायची अट कबूल करून.

हे मी माफीसाठी लिहीत नाही. ती देणारी उरली नाही. वस्तीचं रक्त मागायला पुढं जो कुणी येईल, त्याला आधी मी भेटेन. निकाल किती दिवसांत देणार, कुणाच्या हातात, आणि साखर निघाली तर औषध कुठलं, हे त्यानं आधी सांगायचं. सांगता आलं नाही, तर आमच्या एकाही माणसाच्या दंडाला सुई लागणार नाही.